पाऊणावर अडलेला काटा

गेल्या मार्गशीर्षात मी आठ दिवस झाडीपट्टीत जाऊन आलो, हे कळल्यापासून भेटेल तो विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. तलाव दिसले, धानाची खळी दिसली, प्रतापगड दिसला. पण मुख्यतः मी तिथे एक मोटार पाहिली. वरून पाहिली, खालून पाहिली आणि शेवटी तिच्या पेट्रोलच्या टाकीत डोकं घालून आतूनही पाहिली. ज्यांना वाघाचीच हौस आहे त्यांनी इथेच थांबावं.

जायला कारण झाल्या माझ्या दोन बहिणी. थोरली अक्का तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन भंडारा जिल्ह्याच्या पार टोकाला, अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात गेली. मधली माई पुण्यातच राहिली. सात वर्षांपूर्वी माईच्या मुलाची मुंज होती. पंगतीत अक्काने दुसऱ्यांदा भात मागितला आणि माई सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "आमची अक्का आता पुरती झाडीतली झाली, तिला मूठभर भाताने काय होणार!" अक्का पानावरून उठली ती थेट स्टेशनावर गेली. तेव्हापासून दोघींचं पत्र नाही की निरोप नाही. मला मात्र दोघीही विचारायच्या, "ती कशी आहे?" आणि मी सांगायला लागलो की म्हणायच्या, "असू दे, मला काय करायचंय!"

यंदा माई यात्रामंडळींबरोबर जगन्नाथपुरीला निघाली. तिची मेल मंगळवारी दुपारी दोन वाजता गोंदियाला येऊन वीस मिनिटं थांबणार होती. मी दोघींना पत्रं लिहिली, हातापाया पडलो. माईने लिहिलं, "यायचं असेल तर येऊ दे. मी काही बोलावत नाही." अक्काने उलट टपाली लिहिलं, "स्टेशन काही तिच्या सासरचं नाही. मी येईन." एवढ्यावर मी रजा काढली. दोघी समोरासमोर आल्या की तिसरा माणूस लागणारच होता.

त्यातच अक्काचे यजमान अप्पासाहेब यांचं पत्र आलं. त्यांच्याकडे लढाईच्या आधीची एक विलायती मोटार आहे. तिचा पेट्रोलचा काटा शून्यावर आडवा पडला तो उठेना. "आपण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता, तेव्हा हे काम आपलंच," असं त्यांनी लिहिलं होतं. कोणी असं लिहिलं की माणूस फुगतो. मीही फुगलो, आणि पिशवीत पक्कड, पेचकस आणि तारेचं एक भेंडोळं घातलं.

गोंदिया ते अक्काचं घर

गोंदियाला उतरलं की आपण चुकून पुढच्या प्रांतात आलो असं वाटतं. हा मुलूख आता मुंबई राज्यात आला म्हणे. पण हमालाला, चहावाल्याला आणि तिकीटबाबूला ते कोणी कळवलेलं नव्हतं. सगळा कारभार हिंदीत. तिथून छोट्या लाइनीची गाडी दक्षिणेकडे जाते. ती इतक्या सावकाश जाते की एक गृहस्थ उतरून शेतातल्या ओळखीच्या माणसाशी बोलले आणि पुन्हा चढले. मी चिडून शेजाऱ्याला विचारलं, "ही गाडी अशीच जाते का?" तो म्हणाला, "जाऊन राहिली न जी. काऊन, तुमच्याकडं कशी जाते?" 

दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं होतं. खळ्यांवर बैल गोल फिरत होते आणि तणशीचे, म्हणजे आपल्याकडच्या पेंढ्याचे, ढीग घराएवढे झाले होते. अक्काने जेवायला कोचईच्या पानांच्या वड्या केल्या होत्या. आपल्या अळूवड्यांची ही रांगडी बहीण. आणि भात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. मी पोळी मागितली तेव्हा अक्काने काळजीने विचारलं, "काऊन रे मधू, पोट बिघडलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारीला हात घातला. निम्मं गाव बघायला जमलं. गाडीचा ड्रायव्हर डोमाजी, पन्नाशीचा, सडपातळ आणि अत्यंत शांत माणूस. असा शांत माणूस फार संताप आणतो. त्याच्या हातात बांबूची एक काडी होती. काटा बंद पडल्यापासून तो टाकीच्या तोंडातून काडी बुडवायचा आणि ओल किती बोटं चढली ते पाहायचा.

मी काट्याच्या मागची पाटी उघडली. वीज पोचवणारी तार मळसूत्रातून निसटून लोंबत होती. अप्पासाहेबांनी ज्यासाठी पुण्याहून माणूस बोलावला ते काम पाच मिनिटांचं होतं. मी ते तासभर पुरवलं. तार घासली, बसवली, किल्ली फिरवली, आणि काटा शून्यावरून उठून थेट पाऊण टाकीवर जाऊन उभा राहिला. किल्ली बंद केली की खाली, चालू केली की वर. अप्पासाहेबांनी टाळी वाजवली. अक्काने तर हात जोडले आणि म्हणाली, "भरलं गं बाई एकदाचं!" मला वाटलं, नमस्कार मला आहे.

डोमाजीने मात्र टाकीत काडी घातली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. "मामाजी, काडी चार बोटं सांगून राहिली. काटा पाऊण सांगते. कोनाचं ऐकू?"

"काट्याचं," मी म्हणालो. "तुमची काडी वाकडी आहे."

"काडी वाकडी असंल जी. पर खोटी नाई बोलत."

मग मी त्याला टाकीच्या तळाचा उतार, काडीचा कोन आणि ओल चढण्याचे नियम समजावून सांगितले. लोक माना डोलवत होते. आमच्या कॉलेजात पहिल्याच तासाला मी मुलांना सांगतो, की कोणतंही मापनयंत्र माहीत असलेल्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हे वाक्य मी गेली अठरा वर्षं सांगतो आहे. त्या सकाळी ते मला एकदाही आठवलं नाही.

प्रतापगड

सोमवारी दुरुस्तीचा आनंद म्हणून अप्पासाहेबांनी सगळ्यांना प्रतापगडला नेलं. पुण्याच्या माणसाने हे नाव ऐकून भलतीच कल्पना करून घेऊ नये. हा गड वेगळा, जंगलात बुडालेला. तिथे महादेव आहे आणि दर्गाही आहे. पुढे चालणाऱ्या एका बाईने नारळ फोडला, अर्धा महादेवाला ठेवला आणि अर्धा दर्ग्यावर नेऊन दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "दोघांयचाई डोंगर हाये न." आपल्याकडे एका आळीत दोन गणपती असले तर वर्गणीवरून वर्षभर बोलणं बंद असतं.

अक्का दर्ग्यापाशी बराच वेळ डोळे मिटून उभी होती. खाली उतरताना मला म्हणाली, "मी तिला पहिले बोलणार नाई. पर ती बोलली त मी बोलंन." मी म्हटलं, "ती बोलेल." म्हणालो खरं, पण माईने मला अगदी हेच वाक्य पुण्यात ऐकवलं होतं. दोन हट्टी बायका, वीस मिनिटं आणि मध्ये मी. ही मेल चुकली तर पुन्हा सात वर्षं गेली असं समजायचं, हे मला आणि अक्कालाही ठाऊक होतं.

घरी परतलो तरी काटा पाऊणावरच होता. जाऊन-येऊन वीस मैल झाले आणि काटा केसभरही हलला नाही! एखाद्या शहाण्या माणसाला यात काहीतरी खटकलं असतं. अप्पासाहेब म्हणाले, "तुमचा हात लागल्यापासून गाडी पेट्रोल खाईनाशी झाली." आणि मी, परमेश्वर मला क्षमा करो, "तार सैल असली की असं होतं," असं काहीतरी बोललो. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळत नव्हता, आजही कळत नाही.

मंगळवार, गोरेगावच्या अलीकडे

सकाळी आठला निघायचं होतं. छोट्या लाइनीने आदल्या दिवशी जाऊन राहू असं अक्का म्हणत होती, पण "घरी मोटार असताना रेल्वेत कायले बसायचं?" या अप्पासाहेबांच्या बाण्यापुढे कोणाचं चाललं नाही. गोंदिया तिथून पन्नासेक मैल. पेट्रोलचा पंपही गोंदियालाच, म्हणून घरात पेट्रोलचे डबे भरून ठेवलेले असतात. त्यातला एक डोमाजीने मागच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात अक्का माईसाठीची टोपली घेऊन आली. चिन्नोर तांदूळ, वड्या, तिळाचे लाडू, आणि कशात काय ते देव जाणे. टोपलीला जागा होईना. मी डबा उचलला आणि ओसरीवर ठेवला.

"मामाजी, डबा असू द्या," डोमाजी म्हणाला.

"काटा पाऊणावर असताना डबा कायले न्यायचा?" मी मुद्दाम त्याच्या बोलीत विचारलं. सगळे हसले. डोमाजी हसला नाही.

अकराच्या सुमारास, गोंदियाच्या वाटेवरचं गोरेगाव अजून दोनेक मैल असताना, मोटार दोनदा उचकली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. काटा पाऊणावर. म्हणजे पेट्रोल आहे. म्हणजे नळीत कचरा अडकला असणार. मी कोट काढला. इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली, फुंकली, ओढली, पेट्रोलचे दोन थेंब जिभेवर घेतले आणि अर्धा तास थुंकत राहिलो. नळी साफ होती. पुन्हा बसवली. हँडल मारून हात सुजले. अप्पासाहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ काढून वेळ सांगत होते, जणू मला ती कळत नव्हती. डोमाजी शेजारच्या खळ्याच्या कुंपणाशी गेला, एक काडी तोडली, तिचा पाला काढला आणि टाकीत घातली. बाहेर आली ती कोरडी.

"अशी कशी?" मी ओरडलो. "काटा पाऊण दाखवतोय!"

"काटा दाखवते जी," डोमाजी म्हणाला. "टाकी नाई दाखवत."

मला हे पटेना. मी मागची सीट उपसली. तिच्याखाली टाकीवर पत्र्याची गोल चकती असते. तिला आतून एक दांडी आणि दांडीच्या टोकाला तरंगणारा बूच असतो. पेट्रोल उतरलं की बूच उतरतो, दांडी उतरते आणि काटाही उतरतो. मळसूत्रं काढून मी चकती उचलली. दांडी वरच्या वर आडवी राहिली होती, ताठ, हात वर करून मध्येच थिजलेली. जिथे ती हलायची त्या खोबणीत काहीतरी घट्ट रुतलं होतं. मी नखाने उकरून काढलं. तो धानाचा दाणा होता. टरफलासकट, पिवळाधमक. मी टाकीत डोकं घातलं. तळाला आणखी मूठभर धान होतं.

"टाकीत धान कोणी घातलं?" मी अप्पासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीने आभाळाकडे पाहिलं.

"मी घातलं," अक्का म्हणाली. "काऊन? नवं धान घरात आलं त्या दिवशी कणगीत घातलं, तेलाच्या डब्यात घातलं, पाण्याच्या रांजणात घातलं. हिच्यातही घातलं. तुमचा तो काटा रोज शून्य दाखवून राहिला होता. भरल्या घरात असं रितं-रितं बरं दिसते का? साठवणीचं काही रिकामं ठेवू नये, मूठभर तरी तळाला असावं. आनि पाह्य रे, वर चढला तेव्हापासून एकदा तरी खाली आला का तो?"

एकदाही आला नव्हता. माझी तार जोडली जाण्याआधीच तिची मूठ टाकीत पोचली होती, आणि टाकी भरलेली असताना त्यातला एक दाणा दांडीच्या खोबणीत जाऊन बसला होता. मी काटा जिवंत केला आणि तिने तो पाऊणावर बांधून ठेवलेला होता. परवाचा तो नमस्कार मला नव्हता.

"आणि डोमाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"बाईसाहेबानं माह्यासमोरच घातलं जी. चांगल्या कामाले मी कायले अडवू?"

खळ्यावर काम करणारी एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन आली होती. मी टाकीतले दाणे हाताने काढून रस्त्यावर झटकू लागलो, तर तिने माझा हात धरला. "लक्ष्मी हाये बापू! फेकून कायले राहिला?" तिने ते पेट्रोलने माखलेले दाणे पदरात घेतले, कपाळाला लावले आणि अक्काला म्हणाली, "बरं केलं बाई तुमी. रिकामी कोठी ठेवू नाई." दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू धान मीच नासवलं होतं.

पेट्रोल मिळायला काही मार्ग नव्हता. डोमाजी पायी गोरेगावला गेला आणि हात हलवत परत आला. दीड वाजला. अक्का खळ्याच्या कडेला तणशीवर बसली होती, पाठ ताठ, टोपली मांडीशी. ती मला एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. अप्पासाहेबांनीही घड्याळ काढायचं बंद केलं. मग तीच त्यांना म्हणाली, "किती झाले पाहा बरं."

"दोन."

"आली असंल," अक्का म्हणाली.

 बैल फिरत होते. बराच वेळ गेला आणि तिने न विचारताच म्हटलं, "गेली." इतकंच. मी रस्त्यावर उभा होतो, हात काळे, तोंडाला पेट्रोलचा वास. मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. ओसरीवर ठेवलेला तो डबा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दाणा अक्काचा असेल, पण डबा मी उतरवला होता. तिच्याजवळ जाऊन मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." ती म्हणाली, "वड्या खराब होतील. खाऊन घ्या सगळे." आणि टोपली सोडली. मी त्यातली एक वडी खाल्ली. 

शेवटी तांदळाची पोती भरलेली एक लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरने रबरी नळीने आम्हाला गॅलनभर पेट्रोल काढून दिलं. मी त्याला काट्याची हकिगत सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. "साहब, मीटर के भरोसे चले थे? हमारा तो लड़ाई के टैम से बंद है!"

"आता परत घरीच चला," अक्का म्हणाली.

"घरापुरतं नाई न बाईसाहेब," डोमाजी म्हणाला. "येवढ्यात गोंदियाच होते. पंप तिकडंच हाये."

म्हणून, केवळ पेट्रोल भरायला म्हणून, आम्ही गोंदियाला गेलो.

पुन्हा गोंदिया

साडेतीन वाजून गेले होते. डोमाजीने वाटेत गाडी स्टेशनाबाहेर उभी केली. अक्का उतरायला तयार नव्हती. माईने कोणापाशी चिठ्ठी ठेवली असेल तर पाहावी म्हणून मी एकटाच फलाटावर गेलो.

फलाट मोकळा होता. दूरच्या टोकाला एका मोठ्या ट्रंकेवर, वळकटीला टेकून, माई बसली होती.

मी धावलो. तिने मला जवळ येऊ दिलं आणि विचारलं, "किती वाजले?"

"साडेतीन. माई, तू उतरलीस?"

"मेल किती वाजता होती?"

"दोन. पण..."

"वीस मिनिटं मी खिडकीच्या गजाला नाक लावून उभी होते. येणारा प्रत्येक माणूस पाहत होते. शिट्टी झाली तरी तुमच्यातलं कोणी नाही. तिला काही झालंबिलं की काय, कोणाला विचारायचं मी? उतरले. मंडळी ओरडत होती, माई, पुरी राहील! म्हटलं, जगन्नाथ आहे तिथेच आहे, तो काही रुसून बसलेला नाही."

शेजारी उभा असलेला हमाल मला म्हणाला, "साहब, अब आप संभालो. एक घंटे से मुझे डाँट रही हैं।"

"काऊन उतरलीस गं?"

मागे अक्का उभी होती. मला वेळ लागला म्हणून आली होती. माई ट्रंकेवरून उठली. दोघी हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि मी मध्ये शिरायचं विसरलो.

"सामान सगळं उतरवलंस का?" अक्काने विचारलं. "मोजलंस?"

"फिरकीचा तांब्या गाडीतच राहिला."

"राहू दे. माझ्याजवळ दोन हायेत."

माईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाळलीस तू."

"तू नाई वाळलीस," अक्का म्हणाली.

माई हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले; मग अक्काचेही भरले. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. पण माईने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "उशीर कशाने झाला?"

"त्याला विचार," अक्काने माझ्याकडे बोट केलं. "पेट्रोलचा डबा ओसरीवर ठेवून आला तो."

"हाच ठेवणार! लहानपणीसुद्धा दप्तर विसरून शाळेत जायचा."

"आनि वरून डोमाजीला शिकवून राहिला होता."

"शिकवणारच. कॉलेजात दुसरं काय करतो?"

फलाटाच्या मधोमध उभं राहून दोघींनी मला जे सुनावलं, त्यात एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. धानाचं नावही निघालं नाही. मी काढायला गेलो तर अक्का म्हणाली, "तू गप."  त्या दिवसभरात पहिल्यांदाच मला बोलावंसंही वाटत नव्हतं.

हमालाने ट्रंकेला हात घातला, तसं दोघी एकदम म्हणाल्या, "नको." अक्काने एक कडी धरली आणि माईने दुसरी. ट्रंक जड होती आणि दोघींची वयं उचलण्याची राहिलेली नव्हती. मी वळकटी काखेत मारून मागून चालत होतो. दरवाज्यापाशी आल्यावर अक्का म्हणाली, "थांब गं, हात बदलू." त्यांनी ट्रंक खाली ठेवली, एकमेकींच्या जागा घेतल्या आणि पुन्हा उचलली.